फोटो असताना घाटावर कशाला बसायचं?

नाशिकहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४६, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतात. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला 'अ' श्रेणी मिळाली होती, त्यानंतर तीसेक वर्षं हातात ब्रश नव्हता. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका स्केचिंगच्या ग्रुपबरोबर गोदाघाटावर गेल्या आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी वही घेऊन बाहेर पडतात. कधी घाट, कधी सराफ बाजार, कधी जुन्या नाशकातला एखादा वाडा. "आठवड्यातले ते दोन तास माझे असतात," असं त्या लिहितात.

पत्राच्या मधोमध फुलांचे द्रोण विकणाऱ्या एका आजी येतात. एका हातानं द्रोणात झेंडू ठेवता ठेवता दुसऱ्या हातानं वात सारखी करणाऱ्या. २००८ सालच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनी बोट करून दाखवलं. ऊन सरकत होतं म्हणून त्यांच्या पातळाचा रंग तीनदा चुकला.

अडचण अशी आहे. मिस्टर म्हणतात, "उन्हात, गर्दीत फतकल मारून बसायची काय गरज? फोटो काढ, घरी पंख्याखाली निवांत बसून काढ. चित्र तेच होणार." एका पालकांनी सोमवारी शाळेच्या गेटवर विचारलं, "बाई, काल घाटावर बसलेल्या दिसलात?" "हो, सहज" म्हणून त्या पुढे निघून गेल्या. तेव्हापासून कुणी ओळखीचं बघत नाही ना, याकडेच यांचं अर्धं लक्ष असतं. भोवती पोरं जमली की हात थांबतो. शेवटी मिस्टरांचं ऐकून वाड्याची दोन चित्रं फोटोवरून घरी केली. ती जास्त नीटनेटकी झाली आणि ग्रुपमध्ये आजवरची सगळ्यात जास्त वाहवा त्यांनाच मिळाली. पण ग्रुपमध्ये जागेवर बसून काढलेलीच चित्रं टाकायची पद्धत आहे. फोटोवरून केली हे तेव्हा लिहायचं राहिलं आणि आता सांगवत नाही. "जागेवर बसण्याचा माझा हट्ट नुसता हट्टच आहे का? मी काही चित्रकार नाही, ही हौस आहे. हौसेसाठी घरच्यांचं मन मोडावं का? की ग्रुप सोडून घरीच काढत बसावं?"

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी एकच गोष्ट शोधत होते: ज्या दोन चित्रांना एवढी वाहवा मिळाली त्यांच्याबद्दल तुम्ही काय लिहिलंय. नीटनेटकी झाली, एवढंच. वाडा कुठला, दार कुठल्या रंगाचं, खिडकीत कुणी उभं होतं का, काही नाही. आणि द्रोणवाल्या आजींवर मात्र अर्धं पान. पातळाचा रंग तीनदा चुकला, हे सांगतानाही तक्रारीचा सूर नाही, उलट ते वाक्य तुम्ही खुशीत लिहिलंय हे कळतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच पत्रातून पाठवलंय. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलू.

आधी मिस्टरांचं म्हणणं घेऊ, कारण ते टाकाऊ नाही. फोटोवरून चित्र काढण्यात कमीपणा काहीच नाही. व्यावसायिक चित्रकारही काढतात. धो धो पावसात, गुडघे दुखायला लागल्यावर, घरात कुणी आजारी असताना दुसरा इलाजही नसतो. माझं भांडण आहे ते त्यांच्या शेवटच्या तीन शब्दांशी. "चित्र तेच होणार." तेच होत नाही, ताई, आणि का होत नाही ते तुम्हाला माहीत असलं तर घरी बोलणंही सोपं जाईल.

घाटावर बसून नारोशंकराचं देऊळ कसं बघतो आपण? मान वर करून शिखर बघतो, खाली येऊन घंटा बघतो, मग पाण्याकडे. दर वेळी डोळा नव्यानं जुळवून घेतो, म्हणून काळ्या दगडाच्या सावलीतही त्याला निळसर-जांभळं काहीतरी दिसतं. फोन हे सगळं एका क्षणात उरकतो. शिखर मावावं म्हणून तो जरा वर कलवला की देऊळ मागे रेलल्यासारखं दिसतं. फोनचा नेहमीचा कॅमेरा बऱ्यापैकी वाइड असतो, त्यामुळे पुढची पायरी अवाढव्य आणि पलीकडचा काठ खेळण्यातला. सावल्या एकतर काळ्याकुट्ट होतात, नाहीतर हल्लीचे फोन त्या उजळून सगळंच सारख्या उजेडात आणून ठेवतात. घरी पंख्याखाली बसून तुम्ही ते इमानेइतबारे कागदावर उतरवता. हात कुठेही चुकत नाही, पण बघायचं काम आधीच फोननं करून टाकलेलं असतं.

शिवाय फोटोत सगळंच येतं. तारा, फ्लेक्स, उभ्या केलेल्या दुचाकी, सगळं सारख्याच हक्कानं. जागेवर मात्र चाळीस मिनिटांत हे सगळं होणार नाही हे पहिल्या मिनिटालाच कळतं, मग निवडावं लागतं. कळसाची नक्षी चार ठिपक्यांत आटपायची आणि आजींच्या हाताला वेळ द्यायचा, हे तुम्ही ठरवता, आणि तिथून पुढे ते चित्र तुमचं व्हायला लागतं. ऊन सरकण्याचं तर भूगोलाच्या बाईंना मी काय सांगणार, सूर्य तासाला १५ अंश पुढे जातो. साडेआठला पायरीवर असलेली सावली साडेनवाला तिथे नसते. जलरंगात मुरलेली माणसं म्हणूनच बसल्या बसल्या आधी सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं आखून घेतात, आणि नंतर त्या हलल्या तरी त्यांच्या मागे धावत नाहीत. पातळाचा रंग तीनदा चुकला तो त्यामुळे. पुढच्या वेळी पहिल्या पाच मिनिटांत सावली पक्की करा आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा.

एक माझा अनुभव सांगते. पुण्यात फुले मंडईच्या जुन्या दगडी इमारतीसमोर एका सकाळी मी बसले होते. इमारत १८८६ सालची, मध्ये आठ बाजूंचा मनोरा, वर टोकदार छप्पर. मी त्या मनोऱ्यात पार गुंतलेली. पुढ्यात एक भाजीवाली बसली होती, तिला दहा रेघांत आटपलं आणि टोपलीच्या जागी कागद कोराच सोडला. तिनं मान लांब करून वहीत बघितलं आणि म्हणाली, "टोपली रिकामी का काढलीत? माझी अजून भवानी व्हायचीय." मी ओशाळले. टोपलीत काय आहे ते तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. अळूची पानं होती, उलटी रचलेली. पोटाकडून पांढरट हिरवी, शिरा फुगलेल्या, देठ जांभळे, आणि नुकतंच शिंपडलेलं पाणी पानावर न पसरता थेंब थेंब होऊन थरथरत होतं. पाऊण तास मी तिच्यासमोर बसून होते आणि अळू बघितलंच नव्हतं. मग टोपली भरली. ती पुन्हा वाकून बघून गेली, बोलली काही नाही. घरी सगळ्यांना चित्र दाखवलं तर मनोऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, जो तो त्या टोपलीपाशी थांबला. फोटोवरून काढलं असतं तर अळू मी न चुकता काढलं असतं. पण "रिकामी का काढलीत" असं विचारायला तिथे कुणी नसतं.

आता नीटनेटकेपणाचं. हा शब्द तुमच्या पत्रात चार वेळा आलाय. आपण ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या त्यांच्या हाडात 'स्वच्छ काम' मुरलेलं असतं. रंग रेघेबाहेर जाता कामा नये, कागदावर बोटाचा डाग नको, खोडरबराची खूण नको, वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, एकसारखा हवा. परीक्षेला ते बरोबरच होतं. सगळ्या वर्गासमोर तेच मडकं, तीच वांगी, तेच फडकं, परीक्षकांना काहीतरी मापायला हवंच. पण तुम्ही ४६व्या वर्षी गोदाघाटावर बसता तेव्हाही ते परीक्षक खांद्यावरून डोकावतायत असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. त्यांना आता घरी जाऊ द्या. जागेवरच्या रेघेला घाई असते. गाय उठून चालू लागते, बाई धुणं पिळून निघून जाते, रेघ अर्धीच राहते. बघणाऱ्याला त्या अर्ध्या रेघेवरून गाय उठल्याचं कळतं, म्हणून ती तशीच राहिलेली मला आवडते. खोडून पुरी करू नका.

आणि वाहवेचं म्हणाल तर ग्रुपवर आलेलं चित्र लोक फोनच्या पडद्यावर, वेलदोड्याएवढं, दोन सेकंद बघतात. तेवढ्यात स्वच्छ कडांचं, ठळक रंगाचं चित्र पटकन नजरेत भरतं. लोकांनी उगाच कौतुक केलं असं मी म्हणत नाही. पण दोन सेकंदांच्या बघण्यावर आपला रविवार कसा घालवायचा हे ठरवू नये. त्यापेक्षा एक करून बघा. जागेवरची दहा चित्रं आणि घरची ती दोन, सगळी जमिनीवर ओळीनं मांडा. एकेका चित्राकडे बघून त्या दिवसाचं काय काय आठवतं ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. वास, आवाज, कोण काय बोललं, चहा कुठे घेतला, काहीही. कुठल्या चित्रांमागे किती ओळी जमतात ते बघा, मग ठरवा.

तुम्ही विचारता, हा हट्टच आहे का? असेल. पण बऱ्याच जणांचा आहे, आणि तुमच्या गावात तर तो फार जुना आहे. चित्रकार शिवाजी तुपे यांनी नाशिकचे घाट, वाडे आणि बाजार जलरंगात रंगवले. मुंबईच्या जे.जे.सारख्या कलाशाळांतली मुलं लँडस्केपसाठी नाशिक आणि वाईच्या घाटांवर मुक्काम टाकत आली आहेत. मांडीवर बोर्ड घेऊन बसलेलं माणूस गोदाघाटाला नवं नाही, तुम्ही तिथे परक्या नाही.

ग्रुपमध्ये जागेवरचीच चित्रं टाकायची हा नेम कुठून आला तेही थोडक्यात सांगते. गॅब्रिएल कॅम्पनारिओ हे मूळचे स्पेनचे पत्रकार-चित्रकार. अमेरिकेत सिअॅटलच्या एका वर्तमानपत्रात काम करताना त्यांनी २००७ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर अशा चित्रांचा एक गट सुरू केला. त्यातून २००९ मध्ये 'अर्बन स्केचर्स' ही ना-नफा संस्था उभी राहिली. आज मुंबई-पुण्यासकट जगभर तिच्या शाखा आहेत. घरात असो की बाहेर, प्रत्यक्ष जागेवर, समोर बघून काढायचं, असं त्यांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात आहे. जे बघितलं त्याच्याशी खरं राहायचं असंही आहे, आणि एकमेकांना धरून, एकत्र बसून काढायचं हेही आहे. हा नेम घरी काढणाऱ्यांना हिणवण्यासाठी केलेला नाही. चित्र बघणाऱ्याला एवढा भरवसा असावा की हे माणूस त्या दिवशी, त्या वेळी तिथे होतं.

तो भरवसा तुमच्याकडून जरा हलला आहे आणि तुम्हाला तो टोचतोय, हे चांगलंच आहे. पण त्यासाठी ग्रुप सोडायचा? मुळीच नाही. दोन ओळी लिहा: "मागच्या महिन्यातली वाड्याची दोन चित्रं मी फोटोवरून, घरी केली होती. तेव्हा लिहायचं राहिलं." बास. चित्रं काढून टाकू नका, लांबलचक माफी मागू नका, कारणं देत बसू नका. कुणी काही बोललंच तर ऐकून घ्या. बहुतेक कुणी बोलणार नाही, आणि एखाददुसऱ्याला तर मनातून सुटल्यासारखं वाटेल. यापुढे चित्राच्या कोपऱ्यात जागा, तारीख, वेळ आणि कसं केलं ते लिहायची सवय लावा. रेखाटन जागेवर आणि रंग घरी, असं पुष्कळ जण करतात. तसं लिहिलं की झालं.

आता लोक. त्या पालकांचं वाक्य मी तीनदा वाचलं. "बाई, काल घाटावर बसलेल्या दिसलात?" मला त्यात ठपका कुठेच सापडला नाही. तुम्ही "हो, सहज" म्हणून पुढे निघून गेलात, म्हणजे ठपका तुम्ही मनातच लावून घेतलात. कदाचित त्यांना वहीत काय आहे ते बघायचं असेल. कदाचित त्यांच्या घरीही कुणी वही बंद करून ठेवली असेल. पुढच्या वेळी पर्समधून वही काढून दाखवा आणि त्यांचा चेहरा बघा. शिवाय, भूगोलाच्या बाईंनी नदीकाठी बसून नदी बघायची नाही तर कुणी बघायची? गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला. पूर मोजायची ती गावाची पट्टी आहे. त्या मारुतीची जानेवारीतली आणि ऑगस्टमधली चित्रं शेजारी शेजारी लावून नववीच्या वर्गात न्या. नदीच्या धड्याला त्याहून चांगलं चित्र कुठल्या पुस्तकात मिळायचं?

गर्दीची भीती मात्र खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. बाईमाणूस एकटं बसलं की बघणाऱ्यांच्या नजरा वेगळ्या असतात, हेही आपल्याला माहीत आहे. मला ज्यांचा उपयोग झाला त्या गोष्टी सांगते. पाठ भिंतीला किंवा खांबाला लावून बसावं. मागून कुणी डोकावू शकत नाही, आणि समोर उभं राहिलेलं माणूस आपण आड येतोय हे कळून आपसूक बाजूला होतं. चहाच्या टपरीच्या बाकावर बसता आलं तर सगळ्यात उत्तम. चहा सांगितला की ती जागा तासभर आपली होते आणि टपरीवाला न सांगता आपली राखण करतो. पोरं जमली तर मी जास्तीचे दोन कागद आणि पेन्सिली ठेवते. "तुम्ही पण काढा, वीस मिनिटांनी एकमेकांचं बघू" म्हटलं की ती कामाला लागतात, आणि कधी कधी आपल्याहून बरं काढतात. कानात इअरफोन घालून बसायचं काही जणी सुचवतात. मला ते पटत नाही. घाटाचा आवाज जातो आणि आजूबाजूला काय चाललंय तेही कळत नाही. निदान एक मैत्रीण सोबत असावी, जवळचं बरं स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवावं, आणि चित्र घरी पोचल्यावरच टाकावं, तिथे बसल्या बसल्या नव्हे.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. रामकुंडावर माणसं अस्थी घेऊन येतात, दशक्रियेला बसतात. तिथे वही उघडायची असेल तर देवळाकडे, पाण्याकडे, झाडाकडे तोंड करून बसा. रडणाऱ्या माणसाचा चेहरा कागदावर घेऊ नका. लांबून पाठमोरं कुणी आलं तर गोष्ट वेगळी. आंघोळ करणाऱ्या बायकांचंही तेच. आजींसारखं जवळून कुणाला काढायचं असेल तर आधी विचारा, आणि नाही म्हणाल्या तर पुढे चला. देवळाली कॅम्पातल्या लष्करी भागात किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसबाहेर वही काढून बसू नका, तिथे उगाच चौकशी मागे लागेल. देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या वाड्याच्या चौकात शिरण्याआधी विचारावं. जुन्या नाशकातली माणसं बहुतेक वेळा आत बोलावतात, पाणी देतात आणि माडी दाखवतात.

आता मिस्टर. हौसेसाठी घरच्यांचं मन मोडावं का, असं तुम्ही लिहिलंत. पण मन मोडलंय असं पत्रात मला कुठे दिसलं नाही. ते ऊन म्हणतात, गर्दी म्हणतात. काळजी असेल. किंवा रविवारी सकाळी घरात तुम्ही नसता, पोहे आणि पेपर एकट्यानं होतात, हे असेल, आणि ते तसं म्हणता येत नाही म्हणून उन्हावर ढकललं जात असेल. मला माहीत नाही, तुम्हालाही नक्की माहीत नाही. विचारा त्यांना. वाद जिंकायला जाऊ नका, मी वर लिहिलेलं कॅमेऱ्याचं पुराण तर पहिल्याच दिवशी नकोच. "मला तिथे बसायला आवडतं" एवढंच सांगून बघा. पत्रात इतकी कारणं दिलीत, पण हे साधं वाक्य त्यांना कधी सांगितलंत असं कुठे नाही. "आठवड्यातले ते दोन तास माझे असतात," हे मला लिहिलंत, ते घरी बोलला आहात का?

मग वेळेचं बघा. महिन्यातले दोन रविवार घाट, दोन घर. किंवा अर्ध्या दिवसाच्या शनिवारी शाळा सुटल्यावर तिथूनच परस्पर. किंवा सकाळी साडेसहालाच निघून नऊच्या आत परत, येताना गरम जिलबी घेऊन. ऊनही टळतं आणि सकाळची तिरपी सावली चित्राला छान असते. कधी त्यांना शेवटच्या चहाला घाटावर बोलवा. चित्र बघायला नको, नुसतं बसायला. त्यांना करमलं तर ठीक, नाही करमलं तरी तुम्ही कुठे, कशा, कुणाबरोबर बसता ते तर बघतील. पैकी काय जमेल ते तुम्ही दोघं ठरवाल. फक्त एक करू नका. धुसफुस नको म्हणून गुपचूप सोडून देऊ नका. तशी सोडलेली गोष्ट घरातून जात नाही, भांड्यांच्या आवाजात ऐकू येत राहते.

आणि "मी चित्रकार नाही, हौस आहे" हे वाक्य तुम्ही कमीपणा घेऊन लिहिलंत, ते मला खटकलं. कुणी गाण्याच्या क्लासला जातं, कुणी भजनीमंडळात, कुणी पहाटे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढतं. त्यांना कुणी विचारत नाही की रेडिओ असताना कशाला गाता.

हे वाचणाऱ्यांत अशाही असतील ज्यांना रविवारचे दोन तास मिळतच नाहीत. बदलापूरहून रोज लोकलनं जाणाऱ्या, दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसून असलेल्या, परगावी नवीन बिऱ्हाड केलेल्या. जागेवर म्हणजे घाटावरच असं नाही. समोरच्या बाकावर झोपलेल्या माणसाचा हात, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, ओट्यावरचा कुकर, हीसुद्धा जागाच. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी विशी-पंचविशीत, १९४९ ते १९५१ या वर्षांत, आपल्या डायऱ्या चित्रांतूनच लिहिल्या. रोजचं पान, रोजची माणसं. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटांचं काढावं.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी वही, तिचा कागद निदान २०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडसर, नाहीतर पाणी लागल्यावर फुगतो. न विरघळणाऱ्या शाईचं एक पेन, कारण साध्या फाउंटन पेनाची शाई रंग लावला की पसरते. शाळेतल्या कॅमलच्या वड्यांची पेटी असेल तर तिच्यावरही सुरुवात होते. वारा आला की पान धरायला दोन कपड्यांचे चिमटे. टोपी घाला, पण गॉगल काढून ठेवा, रंग बदलून दिसतात. कागदावर थेट ऊन पडू देऊ नका, पांढऱ्या चमकेत रंग फिका वाटतो आणि घरी आल्यावर भलताच गडद निघतो. एप्रिलमध्ये वॉश कड मऊ करायच्या आत वाळतो, तेव्हा पाण्याचा छोटा स्प्रे जवळ ठेवा. श्रावणात उलट, वाळता वाळत नाही, तेव्हा नुसतं पेनानं काढा.

शेवटी त्या आजींबद्दल. त्यांना त्यांचं चित्र दाखवलंत का? पत्रात तसं कुठे नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटावर कामं निघतात, तेव्हा बसायच्या जागा हलतात. त्या अजून किती दिवस त्याच पायरीवर बसतील कुणास ठाऊक. येत्या रविवारी नवीन काही काढायच्या आधी वही घेऊन त्यांच्याकडे जा, एक द्रोण घ्या, आणि पान उघडून त्यांच्यासमोर धरा. पातळाचा खरा रंग कोणता होता तेही त्यांनाच विचारा.